सिंगापूरला जाताय? एक सकाळ नकाशासाठी ठेवा!

सिंगापूरची टूर म्हटली की मॉल, सेंटोसा आणि खरेदी. माझं स्पष्ट मत आहे: ज्याला ट्रेकिंग-पर्यटनात धंदा करायचाय, त्यानं तिथली एक सकाळ ओरिएंटियरिंगला द्यावी.

खेळ साधा आहे. नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, नारिंगी-पांढरे झेंडे क्रमानं शोधायचे, कमीत कमी वेळात परत यायचं.

स्पर्धा ठरलेल्या तारखांनाच असतात. म्हणून तिकीट काढण्याआधीच तिथल्या फेडरेशनचं कॅलेंडर बघा. तारीख जुळत नसेल तर ‘मॅपरन’ ॲपवर तयार मार्ग मिळतोय का ते शोधा. तो एकट्यानंही पळता येतो. बेट विषुववृत्ताजवळ आहे, उजाडतं सातच्या सुमारास. ऊन चढायच्या आत उरका.

पळताना नजर मात्र धंदेवाल्याची ठेवा. नोंदणी कशी होते? नवख्याला कोण समजावतं? सगळे परत आले हे कसं मोजतात? आणि नकाशा नीट बघा. स्प्रिंट प्रकारात १:४००० प्रमाण चालतं, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर! या धंद्यात जागा विकत घ्यावी लागत नाही. खरं भांडवल हा नकाशाच. तिथं काटकसर केलीत, तर गिऱ्हाईक एकदाच येईल.