लॉगिनचा चार्ज कोण देणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक बदलले की चार्ज देण्याघेण्याचं काम अजूनही जुन्या शिस्तीत चालतं. डेडस्टॉक रजिस्टर उघडतं. टेबलं मोजली जातात, मोडक्या खुर्च्या वेगळ्या मोजल्या जातात. पोषण आहाराची पातेली, नकाशे, कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, कॅशबुक, सगळं यादीत चढतं आणि दोन प्रतींवर सह्या होतात. एक स्टूल कमी भरतंय म्हणून यादीवरची सही अडलेली मी पाहिली आहे. पण ज्यावाचून आज शाळेचं पान हलत नाही ते या यादीत कुठेच नसतं. ते म्हणजे लॉगिन.

आणि ते एक नसतं. शाळेची आणि मुलांची माहिती यू-डायस प्लसवर, राज्याची नोंद सरलवर, पगार शालार्थमधून, जेवलेल्या मुलांचा आकडा रोज अ‍ॅपवर, अनुदानाचा खर्च पीएफएमएसवर, प्रशिक्षणं दीक्षावर, शिष्यवृत्तीचं निराळं. त्याखेरीज केंद्राच्या ग्रुपवर दुपारी येऊन पडणाऱ्या आणि 'आज पाच वाजेपर्यंत' भरायच्या लिंका, त्यांच्यासाठी एक ईमेल. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. एकाला मोठं अक्षर हवं, दुसऱ्याला चिन्ह हवं, तिसरा काही महिन्यांनी आपणहून शिळा होतो.

पासवर्ड विसरला तर निभावता येतं. खरी अडचण मोबाईल नंबरची. नोंदणीच्या दिवशी जे मुख्याध्यापक होते त्यांचा खासगी नंबर तिथे चिकटतो, आणि माणूस गेला तरी नंबर राहतो. एका द्विशिक्षकी शाळेत पाहिलेला प्रसंग. माहिती भरायची शेवटची तारीख, साईट कशीबशी उघडलेली, पासवर्ड रीसेटला टाकलेला. ओटीपी गेला निवृत्त गुरुजींच्या फोनवर. बाईंनी घाईघाईने त्यांना फोन लावला. "गुरुजी, आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल, तेवढा सांगा." पलीकडून उत्तर आलं, "बाई, हा नंबर कुणालाही सांगू नका असं लिहिलंय की इथं." बाईंनी समजावलं, गुरुजींनी चष्मा शोधला, आकडे वाचले. तोवर वेळ संपून गेली होती. गुरुजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट त्या दिवशी नियम पाळणारे तेच एकटे होते.

अशा गोष्टी कानावर गेल्या की वरून एकच निदान येतं: शिक्षक तंत्रज्ञानात कच्चे, प्रशिक्षण लावा. हे निदान मला पटत नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा झूम कधी नुसतं ऐकूनही माहीत नसलेल्या शिक्षकांनी काही आठवड्यांत वर्ग भरवले, व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ तपासले, स्वयंपाकघरातल्या फळीला मोबाईल टेकवून व्हिडिओ केले. त्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना; पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम त्याआधीचं. निष्ठा प्रशिक्षण त्या ऑक्टोबरपासून दीक्षावर गेलं, तेही शिक्षकांनी पुरं केलं. ज्याचा वर्गात उपयोग दिसतो ते अ‍ॅप शिक्षक कुणी न सांगता शिकतात. अडलं तर केंद्रातल्या एखाद्या तंत्रस्नेही सरांना विचारतात. या तंत्रस्नेही सरांचे रविवार कुणाच्या हिशेबात धरले जातात, हा प्रश्न एका वेगळ्या लेखाचा.

शिकण्यासारखं फारसं काही नसलेलं आणि तरीही दिवस खाणारं काम निराळंच आहे. एकच मूल इथे, तिथे आणि पलीकडेही पुन्हा लिहायचं, हे ते काम. पहिलीतल्या पोराला शंभरपर्यंत मोजता येण्याआधी बारा अंकी आधार, अकरा अंकी पेन आणि बारा अंकी अपार असे तीन क्रमांक चिकटतात. शाळेचं जनरल रजिस्टर देवनागरीत, आधार इंग्रजी अक्षरांत. रजिस्टरातली ज्ञानेश्वरी आधारवर 'डी-एन'ने सुरू होते, दुसरीकडे कुणीतरी तिला 'जी'ने लिहिलेली असते. मग 'मिसमॅच'. पालक आधार केंद्रावर, बाई पोर्टलवर, ज्ञानेश्वरी वर्गात एकटी. आणि हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण शाळेतली शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत आधार वैध असलेली मुलंच धरली जाऊ लागली. स्पेलिंगपायी एक पद जाऊ शकतं, हे ठाऊक असल्यावर फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं चित्त कुठे असणार?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. 2009 च्या या कायद्यात पोर्टल कुठून असणार? मुलांची माहिती म्हणजे शैक्षणिकच काम, असं म्हणून ते त्या कलमाखालून अलगद निसटतं.

हात टेकलेली शाळा मग काय करते? तालुक्याच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. युजरनेम-पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देते, दुकानातला पोरगा पटापट भरून देतो. ब्राउझर विचारतो, पासवर्ड लक्षात ठेवू का? पोरगा 'हो' दाबतो, कारण त्याच्याकडे आणखी शाळा रांगेत आहेत. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार, बँकेची खाती त्या संगणकावरून केव्हाही उघडता येतील अशी राहतात. देशात 2023 साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात लहान मुलांच्या माहितीला जास्तीचं संरक्षण आहे. झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तो अजून आलेला दिसत नाही.

सगळी पोर्टलं एक करा, ही मागणी रास्त आहे. पण ती पुरी होईपर्यंत माझी सर्व्हिस संपेल, असं एक सर परवा म्हणाले, आणि त्यांची बरीच सर्व्हिस बाकी आहे. तोवर एक छोटं काम करता येईल. लॉगिन पदाचं असावं, माणसाचं नव्हे. शाळेच्या नावाचं एक सिमकार्ड, एक साधा फोन, एक ईमेल. चार्ज यादीत किल्ल्यांच्या खाली एक रकाना: पोर्टलचं नाव, युजरनेम, जोडलेला नंबर. पासवर्ड यादीत लिहायचाच नाही; नव्या मुख्याध्यापकांनी जुन्यांच्या समोर तो बदलायचा आणि मग सही करायची. 2017 च्या धोरणापासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाईन झाल्या. माणूस ऑनलाईन हलवता येतो, तर त्याचा नंबर हलवायला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, सोबत आदेशाची प्रत आणि 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे कशासाठी?

राहिला रिचार्जचा खर्च. तो संयुक्त शाळा अनुदानातून भागवता यावा. फक्त ते अनुदान खर्च करायलाही लॉगिन लागतं, आणि त्याचा ओटीपी सध्या कुणाच्या फोनवर जातो ते आधी पाहून घ्यावं लागेल.