हृदय तेच, नाव वेगळे

दवाखान्यात आजार पाहण्याआधी माणसाची पायरी पाहिली जाते, हा अनुभव आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींना नवा नाही. म्हणून इंग्लंडमधली एक जुनी हकिकत आम्ही या पानावर सांगत आहोत.

मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या तिथल्या स्त्रियांनी १९०९ पासून तुरुंगात उपोषणे केली. सरकारने त्यांना बळजबरीने अन्न द्यायला सुरुवात केली. पहारेकरी बाया कैदी स्त्रीला दाबून धरत आणि डॉक्टर तिच्या नाकातून किंवा तोंडातून रबरी नळी पोटापर्यंत घालत. याला सरकार ‘उपचार’ म्हणे. १९१३ मध्ये लिलियन लेंटन या तरुणीच्या फुप्फुसात अन्न शिरले. ती जेमतेम वाचली.

या लढ्यात लेडी कॉन्स्टन्स लिटन होती. तिचे वडील हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १९०९ मध्ये न्यूकॅसलच्या तुरुंगात तिचे हृदय तपासले गेले आणि ते कमजोर म्हणून तिला सोडून दिले. गरीब बाईशी हे लोक कसे वागतात ते तिला पाहायचे होते. जानेवारी १९१० मध्ये ती ‘जेन वॉर्टन’ नावाची शिवणकाम करणारी बाई बनून लिव्हरपूलच्या तुरुंगात गेली. तिथे हृदय न तपासताच नळी घातली. एकदा नव्हे, आठ वेळा. १९१२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला.

हृदय तेच होते. फक्त नाव आणि कपडे बदलले होते.

आमचे मत स्पष्ट आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या होकाराशिवाय केलेला उपचार हा उपचार नव्हे, ती सत्ता आहे. समजून-उमजून अन्न नाकारणाऱ्या कैद्याला बळजबरीने भरवू नये, असे जागतिक वैद्यकीय संघटनेनेही १९७५ मध्ये टोकियोत जाहीर केले.

बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषासाठी मताचा हक्क मागितला आणि संविधानाने तो आपल्याला दिला. मतपेटीपुढे आपण समान आहोत, मग दवाखान्याच्या बाकावर का नाही? म्हणून भगिनींनो, सुई कशाची ते विचारा. कागद मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. छाती न तपासताच चिठ्ठी हातात दिली, तर “आधी तपासा” म्हणा. ही विनवणी नाही, आपला हक्क आहे.

जय भीम!