रक्तांत चुना वाढतो तेव्हां

मुखेडकडे कोणास मूतखडा झाला, कीं प्रथम पाण्याला दोष दिला जातो. घरांतील वडील स्त्रीची हाडें दुखूं लागलीं, कीं 'वय झालें' म्हणून तिची समजूत घालतात. दोन्ही कारणें अनेकदां खरीं असतात. परंतु खडा पुनःपुन्हां होत असेल, किंवा हाडांच्या दुखण्यास थकवा, मलावरोध व उदासपणा यांची जोड असेल, तर रक्तांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, एकदां अवश्य मोजून घ्यावें.

गळ्यांत थायरॉइड ग्रंथीच्या मागें तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथि असतात. त्यांस पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तांतील कॅल्शियमचें प्रमाण राखणें हें त्यांचें काम. त्यांपैकीं एखादी वाढून बेसुमार स्रवूं लागली, म्हणजे हाडांतील चुना रक्तांत उतरतो आणि तोच मूत्रपिंडांत खडा होऊन बसतो. हाडें पोकळ, रक्तांत मात्र रेलचेल! अशा स्थितींत आपल्याच मनानें कॅल्शियमच्या गोळ्या चालू करणें हें उलटें वैद्यक होय.

असा समज तज्ज्ञांचाही झाला होता. व्हिएन्ना येथें फेलिक्स मांडल या शस्त्रवैद्यानें हाडें ठिसूळ झालेल्या एका ट्रामवाल्यास ग्रंथि अपुरी पडत असावी असें मानून मृत माणसाच्या ग्रंथीचें कलम केलें. गुण आला नाहीं. मग १९२५ सालीं गळा उघडून वाढलेली ग्रंथिच काढली, तेव्हां हाडें सुधारूं लागलीं. पुढें कांहीं वर्षांनीं दुखणें उलटलें, तरी वाट सांपडली ती तेथेंच.

पाश्चात्य देशांत हा विकार बहुधा नेहमींच्या रक्ततपासणींतच सांपडतो. आपल्याकडे पुष्कळांचें हाड मोडेपर्यंत कोणास संशय येत नाहीं. कॅल्शियम अधिक निघालें, तर पॅराथायरॉइडचा स्राव व ड जीवनसत्त्व हींही तपासावींत. मुखेडास सोय नसेल तर नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विकार ठरल्यास अनुभवी शस्त्रवैद्याकडून वाढलेली ग्रंथि काढून घेणें हाच कायमचा उपाय. सौम्य विकारांत डॉक्टर कांहीं काळ नुसती देखरेखही ठेवतात.

तोंपर्यंत पाणी भरपूर प्यावें, हिंडतें-फिरतें राहावें. दूध मुळींच तोडूं नये. तें तोडल्यानें ग्रंथि अधिकच चेकाळते. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांस सांगावें. अतिशय तहान, वांत्या व भ्रम दिसल्यास रात्र न काढतां रुग्णालय गांठावें.

शस्त्रक्रियेनंतर ओठांभोंवतीं वा बोटांत मुंग्या येऊं लागल्या, तर तें लगेच कळवावें. भुकेलेलीं हाडें रक्तांतील चुना झपाट्यानें ओढूं लागलेलीं असतात. तेव्हां मात्र त्याच कॅल्शियमच्या गोळ्या, डॉक्टर सांगतील तितक्या, वेळेवर द्याव्या लागतात.