आधी खणून पाहा, मग खोदा!

डहाणू-तलासरीचा पट्टा आज यंत्रांच्या घरघराटाने दुमदुमतो आहे. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, वाढवण बंदर! राष्ट्राला रेल्वे हवी, बंदरेही हवीत. त्याविषयी दुमत नाही. पण ही माती उपसण्यापूर्वी तिच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याचे दायित्व कोणाचे? उत्तर संतापजनक आहे. कोणाचेही नाही!

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. घोषित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मज्जाव, पुढील २०० मीटरवर नियंत्रण. उत्तम! पण घोषित होण्यासाठी स्मारक आधी ठाऊक तर असावे लागते. मातीखालच्या दफनभूमीची घोषणा कोण करणार? इंग्रजांनी १८७८ मध्ये गुप्तधनाचा कायदा केला, तो दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवा म्हणून. सोन्याची मोहर त्यात सापडते. हाडाला नि खापराला बाजारभाव कुठला?

आणि हाडे काय सांगतात, हे तलासरीच्या शेजारी, सीमेपलीकडच्या संजाणने दाखवून दिले आहे. इराणातून परागंदा झालेल्या पारशांना हिंदू राजा जादी राणाने जिथे आश्रय दिला, असे परंपरा सांगते, तेच हे संजाण. डहाणू तालुक्यातील चिंचणीच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत याच संजाण मंडलाचा उल्लेख आहे. २००२ ते २००४ या काळात डॉ. एस. पी. गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले आणि पारशांचा जुना दोखमा उजेडात आला. त्यातील अस्थींची जनुकीय तपासणी होऊन २०१७ मध्ये निष्कर्षही प्रसिद्ध झाले. दंतकथा म्हणून हिणवलेल्या परंपरेकडे विज्ञानाला वळून पाहावे लागले. तेथे अभ्यासकांच्या कुदळीआधी भरावाचे यंत्र पोहोचले असते तर? चार डंपर माती, एवढीच नोंद उरली असती.

नागपूरजवळच्या जुनापाणीची लोहयुगीन शिलावर्तुळे आधी उकरली ती इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने. तेथील वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. परक्याने नेले म्हणून आपण हळहळतो; स्वतः बुलडोझरखाली घातलेल्याचा हिशेब मात्र ठेवत नाही.

‘काम रखडेल’ हा कंत्राटदारांचा ठरलेला आक्षेप. लंडनमध्ये क्रॉसरेलच्या मार्गात बेडलमची जुनी दफनभूमी आली, तेव्हा २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक सांगाडे शास्त्रशुद्ध रीतीने काढण्यात आले. स्थानकही झाले, २०२२ मध्ये गाडीही धावली. इंग्लंडमध्ये १९९० पासूनच बांधकामाची अनुमती देताना पुरातत्त्वाचा विचार होतो आणि त्याचा व्यय सहसा बांधणाराच उचलतो. इंग्रजांची टाय आपण उचलली, ही शिस्त तेवढी विसरलो!

भूसंपादन अधिकारी सातबारा तपासतात, झाडे मोजतात, विहिरीचे मूल्य ठरवतात. त्याच फेरीत एखादा पुरातत्त्वज्ञ का नसावा? त्याने शिवार पायी पालथे घालावे, खापरे वेचावी, संशय येईल तेथे दोन-चार लहान चर हातकुदळीने घ्यावेत; व्यय प्रकल्पाने सोसावा. डहाणू-तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने येथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक आहे. सायवनपासून संजाणच्या सीमेपर्यंतच्या प्रत्येक गावातील आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत चाचणी-उत्खननाच्या अटीचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचवावी.