विश्लेषण : सत्तरीनंतर स्तनाचा कर्करोग, पुण्याच्या खेपा टाळण्यासाठी स्तन काढायलाच हवा का?

माळेगाव बुद्रुकसारख्या गावात सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या स्तनातली लहानशी गाठ कर्करोगाची निघाली, की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ किंवा ‘काढूनच टाका, एकदाची कटकट मिटेल.’ पहिल्या वाक्यामागे माया असते. दुसऱ्यामागे बऱ्याचदा पुण्यापर्यंतचे शंभरेक किलोमीटर असतात. पण रस्त्याच्या लांबीवरून उपचार ठरवण्याची वेळ आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

स्तन काढल्याने आयुष्य वाढते का?

गाठ लहान असेल तर नाही. अमेरिका आणि इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. अडचण होती ती रेडिएशनची, म्हणजे गावाकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याची. पूर्वी तो पाच-सहा आठवडे रोज घ्यावा लागे. ऊसतोड सुरू असताना आजीला महिनाभर पुण्यात कोण ठेवणार? त्यापेक्षा स्तन काढलेला बरा, हा हिशेब त्यातून आला.

हा हिशेब आता जुना झाला. तीन आठवड्यांचे रेडिएशन रुळले आहे. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासाने तर २०२० मध्ये दाखवून दिले, की एका आठवड्यात पाच वेळा दिलेला शेकही गाठ परतू न देण्यात कमी पडत नाही. पाच दिवस पुण्यातल्या पाहुण्यांकडे राहणे बहुतेक घरांना जमते.

रेडिएशन अजिबात न घेता चालते का?

काही जणींना चालते. ‘प्राइम-२’ या अभ्यासात ६५ वर्षांवरील १,३२६ स्त्रिया होत्या. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, हार्मोनला प्रतिसाद देणारी, काखेत न पसरलेली आणि कडा स्वच्छ ठेवून काढलेली. सगळ्यांना हार्मोनच्या गोळ्या होत्या. निम्म्या जणींना रेडिएशन दिले, निम्म्यांना नाही. दहा वर्षांत त्याच स्तनात गाठ परतण्याचे प्रमाण रेडिएशन न घेतलेल्यांत ९.५ टक्के, तर घेतलेल्यांत ०.९ टक्के निघाले. जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सुमारे ८१ टक्के. जे मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक कर्करोगाने नव्हतेच.

म्हणजे रेडिएशन टाळल्याने आयुष्य घटत नाही, पण गाठ परतण्याची आणि पुन्हा ऑपरेशन करण्याची शक्यता वाढते. हे आकडे वरच्या अटींत बसणाऱ्या गाठीपुरतेच आहेत. गाठीत हार्मोनचे रिसेप्टर कमी असतील तर धोका आणखी वाढतो. रिसेप्टर नसलेल्या किंवा ‘हर-टू’ पॉझिटिव्ह गाठीला हा मार्ग लागू नाही.

शिवाय गोळी रोज, निदान पाच वर्षे घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. लेट्रोझोलने सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात. आधीच गुडघ्यांनी बेजार झालेली बाई सहा महिन्यांत गोळ्या गुपचूप बंद करते आणि डबी तशीच फडताळात राहते. रेडिएशनही नाही आणि गोळीही नाही, ही सगळ्यांत वाईट स्थिती. गोळी सोसणार नाही अशी शंका असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगून पाच दिवसांच्या शेकाचा विचार करावा.

ऑपरेशनच नको म्हटले तर?

नुसत्या गोळ्यांनी गाठ आकसते, पण बऱ्याच जणींत काही वर्षांनी पुन्हा वाढू लागते. तेव्हा वयही वाढलेले असते. त्यामुळे हा पर्याय हृदय, मूत्रपिंड किंवा अन्य आजारांनी खरोखर थकलेल्या बाईसाठी. शेतावर चालत जाणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजीला तो देणे अन्याय आहे. स्तनाच्या ऑपरेशनात पोट किंवा छातीचा पिंजरा उघडावा लागत नाही, त्यामुळे उतारवयातही ते सहसा झेपते.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. कार्ड गाठ सापडण्याआधी काढलेले बरे.

अर्थात हे सगळे पर्याय गाठ लहान असताना. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखांवर स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी मॅमोग्राफीचे यंत्र लागले नव्हते.

ठरवायचे कुणी?

रिपोर्ट मुलाच्या हातात पडतो, डॉक्टर जावयाशी बोलतात आणि आजीला ‘साधी गाठ आहे’ एवढेच कळते. जिवाला धक्का लागू नये म्हणून हे करतात, पण गाठ परतण्याची भीती सोसायची की आठवडाभर पुण्यात राहायचे, याचे उत्तर कोणत्याही रिपोर्टमध्ये नसते. ते तिलाच विचारावे लागते.

पुण्याला निघताना फाइलमध्ये बायॉप्सीबरोबर ईआर, पीआर आणि हर-टूचा रिपोर्ट आहे का, ते पाहावे. तो नसेल, तर वरचा एकही पर्याय डॉक्टरांना त्या दिवशी नक्की सांगता येत नाही आणि एक खेप वाया जाते.