परक्या पागेत घोडा ठेवताना

येवल्याच्या घोडेबाजारातून अथवा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घोडा हौसेने आणला जातो. परंतु तो बांधावयाचा कोठे, हा प्रश्न नाशिक शहरात राहणाऱ्या मालकापुढे लागलीच उभा राहतो. मग शहराबाहेरील एखाद्या बागायतदाराच्या पागेत दरमहा खर्च देऊन तो ठेवावा लागतो. अशी पागा पाहावयास गेलेला मालक बहुधा कमान, फरशी व रंगविलेले कठडे पाहून संतुष्ट होतो. आमच्या मते त्याने प्रथम गव्हाण पाहावी व चंदी घालणाऱ्या माणसाशी बोलावे. बाकीचे सर्व नंतर.

देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३.४ लाखांवर आली. घोड्यांबरोबर जाणते मोतद्दारही दुर्मिळ होत चालले आहेत, आणि त्यांच्या जागी गाई-म्हशी सांभाळलेला गडी येतो. तो कष्टाळू असेल, परंतु घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे. तो रवंथ करीत नाही, त्याचे जठर लहान असते व त्याला ओकता येत नाही. पावसाळ्यात बुरशी धरलेले गवत म्हैस एखादे वेळी पचवील; घोड्यास त्याने पोटशूळ उठतो आणि एका रात्रीत जनावर हातचे जाऊ शकते.

याहून घातक गोष्ट खाद्याच्या कोठीत असते. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यांच्या खाद्यात पुष्कळदा मोनेन्सिन हे औषध मिसळतात. काही ठिकाणी ते गुरांच्या खाद्यातही असते. घोड्याच्या हृदयास ते अल्प प्रमाणातही मारक ठरते आणि त्यावर उतारा नाही. तेव्हा पागा व कुक्कुटपालन एकाच आवारात असेल, तर दोहोंची कोठी, घमेली व मापे निराळी आहेत की नाहीत, हे स्वतः दार उघडून पाहावे. विचारण्यात संकोच कसला?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक धोका आहे. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या एकामागून एक चालतात. ओळींमधले हिरवे गवत फुकट मिळते म्हणून ते कापून गव्हाणीत टाकण्याचा मोह होतो. असे गवत घालणाऱ्या पागेत, खर्च कितीही कमी असो, घोडा ठेवू नये. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा पोसणेही चुकीचे आहे; कोंड्यात स्फुरद फार व चुन्याचा अंश थोडा असल्याने कालांतराने हाडे कमकुवत होतात व जबड्याची हाडे फुगतात. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला सहा ते आठ किलो स्वच्छ वाळलेला चारा व २५ ते ४० लिटर पाणी लागते. चंदी ही त्यावरची भर होय, चाऱ्याचा बदल नव्हे.

ठाण १२ फूट लांब-रुंद व कोरडे असावे. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर सर्वांस ठाऊक असूनही कित्येक पागांतून जनावर दिवसभर पायबंदात उभे असते. तेथून परत फिरावे.

नवीन आलेला घोडा काही दिवस वेगळा बांधतात काय, हे अवश्य विचारावे. वरातीला जाऊन आलेले व यात्रेतून आणलेले घोडे एकाच हौदावर पाणी पीत असतील, तर ग्लँडर्सची भीती राहते. हा रोग माणसासही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार बाधित घोडा नष्ट करावा लागतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्तजलाची तपासणी होते. तेथील दाखल्याचा आग्रह धरणारा पागामालक आम्हांस कडक नव्हे, तर भरवशाचा वाटतो.

करार लेखी करावा. रात्री पोटशूळ उठला आणि मालक गावाला गेलेला असला, तर पशुवैद्यास कोणी बोलवावयाचे व खर्च कोणी द्यावयाचा, हे त्यात पहिल्याच कलमात लिहून घ्यावे.