रात्रीचा निवारा आणि दिवसाची जबाबदारी

८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडनजीक रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशातील ही माणसे टाळेबंदीत गावाकडे पायी निघाली होती. हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु काम थांबताच ज्याला पाठ टेकायलाही जागा उरत नाही, त्या श्रमिकाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या हळहळीतच विरून गेला.

हा प्रश्न एका अपघाताचा नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची खेडी शहराकडे लोटली. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींना हात हवेच होते. त्या हातांनी रात्री कोठे विसावावे, याची तजवीज मात्र ज्याची त्याने करावी, असे गृहीत धरले गेले. मजुरीच्या हिशेबात खोलीचे भाडे बसत नसेल, तर पदपथावर झोपणारा मजूर मालकाला अनुदानच देत असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा उभारण्याचे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाखामागे किमान शंभर जणांची सोय हे प्रमाण ठरविले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानुसारही सुमारे बाराशे माणसांची सोय व्हावयास हवी.

पण खाटा मोजून प्रश्न सुटत नाही. निवाऱ्याची इमारत महापालिकेची, शिधापत्रिका पुरवठा खात्याची, उपचार आरोग्य खात्याचे आणि रोजगार ठेकेदाराच्या मर्जीचा. या चार दारांमधले अंतर त्या निराधार माणसानेच तुडवायचे! घाटीत मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. अशा रुग्णालयातून ज्याला 'घरी सोडले' जाते, त्याला घरच नसेल तर पथ्य आणि औषध कोणी पाहावे? पोलिसांच्या हाती तर १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे रद्द केली. तो दिलासा दिल्लीपुरताच राहिला.

निवारे रिकामे पडतात, अर्थात गरज नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. पहाटे मजूरअड्ड्यावर उभे राहणाऱ्याला शहराच्या दुसऱ्या टोकाची खाट निरुपयोगी असते. जेथे नवरा-बायकोची ताटातूट होते, हातगाडी ठेवायला जागा नसते, तेथे कुटुंब जाणार कसे? रिकामी खाट हा गरजेच्या अभावाचा नव्हे, नियोजनाच्या अभावाचा पुरावा आहे.

यास्तव प्रत्येक निवाऱ्यासाठी एक उत्तरदायी समिती हवी. तीत महापालिका, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, पुरवठा खाते, कामगार संघटना आणि स्वतः निवासी बसावेत. शिधापत्रिका, बँकेचे खाते, उपचार आणि अखेर भाड्याची खोली मिळेपर्यंत प्रत्येक निवाशाचा पाठपुरावा एकाच कार्यकर्त्याकडे असावा. फिनलंडने २००८ पासून आधी घर, मग इतर साहाय्य हा क्रम स्वीकारला आणि तेथे दीर्घकालीन बेघरपणा घटला. तेवढे सार्वजनिक धन आपल्यापाशी नाही, हे खरे. परंतु संघटनेचे बळ आहे. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती कोणाच्या दानावर विसंबून नव्हे.

पक्षाच्या शाखांनी आरंभ मोजणीपासून करावा. रेल्वेस्थानक, बसस्थानक, शहागंज, घाटीचा परिसर येथे रात्री फिरून कोण, कोठून आले, काय काम करतात आणि काय अडते, याची यादी तयार करावी आणि ती महापालिकेच्या अंदाजपत्रकापूर्वी आयुक्तांपुढे ठेवावी. आकडा हाती नसलेली मागणी प्रशासन सहज बाजूला सारते. यादी देऊन थांबू नये. प्रत्येक नावापुढे काय झाले, याचा जाब दर तिमाहीस मागावा.